गळ्यापाशी थांबलेल्या सुया

शेजारच्या सुलभाताईंच्या हातांतील सुया एकाएकी थांबल्या आणि माझ्या पत्नीचा चेहरा उतरला. बाळाच्या स्वेटरवरील तुरीच्या शेंगांची नक्षी तिने स्वतः रचली आहे. एक मासिक ती नक्षी छापणार आहे. अट एवढीच की, केवळ लेखी सूचना वाचून दुसऱ्या कोणालाही तो स्वेटर विणता आला पाहिजे; म्हणून सुलभाताई तो विणून पाहत होत्या. गळ्याची सूचना मी सुधारून दिली होती. कायद्यांचे मसुदे लिहिण्यात माझा जन्म गेला; संदिग्ध लेखनाविरुद्ध आजवर अनेक कार्यालयांना मी खरमरीत पत्रे धाडली आहेत. घरात ते कसे खपवून घेणार?

"'वरील ओळीस बाध न येता, तथापि...' आप्पा, हा स्वेटर आहे की खरेदीखत?" सुलभाताईंनी विचारले.

"तुझं मूळ वाक्य काय होतं?" मी पत्नीवर कडाडलो.

"बाळ रडणार नाही इतका गळा सैल ठेवा."

"इतका म्हणजे किती? कोणतंही न्यायालय हे फेटाळील!"

"मग न्यायालयालाच विणू दे."

सुलभाताईंच्या सुया मात्र ते मूळ वाक्य ऐकून पुन्हा चालू लागल्या होत्या. कायदा लिहिणारा आणि नमुना रचणारी, दोघेही कधी न भेटणाऱ्या माणसांसाठीच लिहितात. मी जन्मभर त्या माणसाच्या लबाडीचा बंदोबस्त करीत आलो. हिने त्याच्या मायेवर भिस्त ठेवली.

गळा पूर्ण झाला. बाळ हाताशी नव्हते, म्हणून सुलभाताईंनी स्वयंपाकघरातला नारळ आणून त्यावर स्वेटर चढवला. शेंडीसुद्धा न अडकता नारळ गळ्यातून वर आला.

"बघा आप्पा, रडला नाही!"

मी चष्मा लावून नारळाची रीतसर तपासणी केली आणि माझे कलम स्वहस्ते खोडून टाकले.