बेरिलच्या मागचं शेपूट

इंग्लंडातल्या ऑटरब्रिज गावच्या लोकांना बायको काय करते हे एकवेळ ठाऊक नसेल, पण शेजारचा क्लब यंदा कसला चित्ररथ बांधतोय याची चिंता बाराही महिने. नोव्हेंबरात कार्निव्हलची मिरवणूक, आणि डिसेंबरापासूनच पुढच्या वर्षीची गुपितं सुरू. मॅग्पाय क्लबची शेड गावाबाहेर, सायडरच्या सफरचंदांच्या बागेमागे. आत शिरताना प्रत्येकानं मोबाइल दाराशी ठेवलेल्या बादलीत टाकायचा. अगदी पाद्रीबाबांनीसुद्धा टाकला होता.

आत कॅमेरा नेण्याची मुभा एकाच माणसाला होती, डेस्मंड येंडल. अडुसष्ट वर्षांचा, बसचालक म्हणून निवृत्त झालेला, टकलू, कमी बोलणारा. बत्तीस वर्षं तो क्लबचे फोटो काढत होता, तेही जुन्या फिल्मवर. घरच्या न्हाणीघरात फिल्म धुवायची, डब्यात कुलूपबंद ठेवायची आणि मिरवणूक होईपर्यंत एकही फोटो बाहेर काढायचा नाही, हा त्याचा शब्द. बायको गेल्यापासून ही शेड म्हणजेच त्याचं घर होतं. संध्याकाळी तिथं चहाचा मग हातात घेऊन बसलं की त्याला बरं वाटायचं.

सप्टेंबरात घात झाला. विषय आधी नोंदवील त्याचा, असा कार्निव्हल कमिटीचा नियम. क्लबचा कप्तान केल्विन चिजी ‘समुद्रातलं लग्न’ नोंदवायला गेला, तर शेजारच्या हॅमर क्लबनं तोच विषय चार दिवस आधी नोंदवलेला. नवरी झालेल्या जलपरीसकट. नऊ महिन्यांची मेहनत पाण्यात गेली.

मग शेडमध्ये संशयाचं भूत शिरलं. वेल्डरचा जावई हॅमरवाल्यांकडे जातो, म्हणून दोन दिवस वेल्डरशी कुणी बोललं नाही. रंगवाली पोरगी रडून घरी गेली. डेस्मंडही प्रत्येकाच्या तोंडाकडे बघत बसायचा आणि मनात हिशेब मांडायचा, हा की तो. आपल्याकडेही कुणी तसंच बघत असेल, हे त्याच्या डोक्यातच आलं नाही. तिसऱ्या दिवशी केल्विननं त्याला दाराबाहेर नेलं.

“डेझ, रागावू नकोस. आत कॅमेरा एकट्या तुझाच होता.”

“बत्तीस वर्षं होता.”

“म्हणून तर बोलतोय. खरं काय ते कळेपर्यंत येऊ नकोस.”

डेस्मंड घरी आला आणि डब्याचं कुलूप चारदा तपासलं. फिल्म सगळ्या जागेवर. त्याला केल्विनचा राग आला, आणि त्याहून जास्त भीती वाटली. या वयात दुसरी शेड कुठं शोधणार?

शुक्रवारी तो मासे-चिप्सच्या दुकानात रांगेत उभा होता. पुढं हॅमरचा कप्तान. पुडकं घेऊन वळताना तो थांबला आणि म्हणाला, “फोटो मात्र फार बारकाईनं काढतोस तू.” आणि हसत गेला.

डेस्मंडच्या मनात पाल चुकचुकली. त्यानं गल्ल्यामागच्या भिंतीकडे पाहिलं. तिथं चौकटीत केल्विनची आई बेरिल हसत होती. शेडमध्ये स्टुलावर बसून पोशाखांवर टिकल्या शिवणारी, अठ्ठ्याऐंशी वर्षांची बेरिल. दुकान तिच्या भाच्याचं. जुलैत वाढदिवसाला तिनं हट्ट धरला होता, “राजा, नोव्हेंबरपर्यंत मी जगते की नाही कुणाला ठाऊक, आत्ताच दे.” आणि डेस्मंडनं तो एकच फोटो डब्यातून काढून दिला होता. बेरिलच्या खांद्यामागं, स्वच्छ उजेडात, जलपरीचं शेपूट आणि त्यावरून ओघळणारी नवरीची जाळीदार ओढणी दिसत होती.

त्यानं फोटो काढताना तिचा चेहरा पाहिला होता. मागचं पाहिलंच नव्हतं.

तासाभरात त्यानं केल्विनला दुकानात आणून उभं केलं. बोलायचं ठरवून आला होता ते सगळं बोललाही नाही. “तुझ्या आईनं इथं लावलाय,” एवढंच म्हणाला. वाढदिवसाला शब्द मोडून फोटो आपणच दिला, मागं काय आलंय हे आपणच बघायला हवं होतं, हे त्याच्या घशातच राहिलं. केल्विननंही विचारलं नाही. त्यानं चौकट भिंतीवरून उतरवली आणि म्हणाला, “माफ कर, डेझ. उद्यापासून ये.”

डेस्मंड परत जाऊ लागला. चहाचा मग पुन्हा हातात आला. पण बेरिलचं स्टूल शेडमध्ये नव्हतं. यापुढं काम करणाऱ्यांखेरीज कुणी आत नको, असं कप्तानानं ठरवलं होतं, आणि एक्कावन्न वर्षं टिकल्या शिवणारी बाई काम करणाऱ्यांत मोजली गेली नाही. वड्याचं तेल वांग्यावर निघालं. दोन-तीनदा खरं डेस्मंडच्या ओठांवर आलं, पण बोललो तर पुन्हा दाराबाहेर, हेही त्याला ठाऊक होतं. तो चहा पीत राहिला. त्याची त्याला लाज वाटत होती.

मिरवणुकीच्या संध्याकाळी मॅग्पायचा नव्या विषयावर घाईत उभारलेला रथ स्पर्धेत चौथा आला. डेस्मंड गावच्या मुख्य रस्त्यावर, हाय स्ट्रीटवर, माणसांचे फोटो काढत चालला होता. बंद पडलेल्या बँकेपाशी बेरिल दिसली. घडीचं स्टूल, मांडीवर कांबळं, बाजूला थर्मास. एक्कावन्न वर्षांत पहिल्यांदाच ती फुटपाथवरून मिरवणूक बघत होती. तिनं त्याला ओळखलं, हसली. त्याला बरं वाटलं. त्यानं कॅमेरा डोळ्याला लावला.

“थांब राजा,” बेरिल शांतपणे म्हणाली. “आधी माझ्या मागं काय दिसतंय, ते बघून घे.”