आईच्या टीव्हीचं मागचं झाकण

मला स्वच्छतेचा रोग आहे. रोग म्हटलं की घरचे खूश होतात, म्हणून तोच शब्द वापरतो. रोह्याला कंपनीत बत्तीस वर्षं मी मीटर आणि पॅनेलं उघडून साफ केली. रिटायर झालो, हात रिकामे झाले, आणि मी पेणला जाऊन आईच्या टीव्हीच्या मागे लागलो.

आई पेणला एकटी राहायची. तिच्या आळीत एक घर सोडून एक गणपतीचा कारखाना, त्यामुळे तिथली धूळसुद्धा साधी नाही: पांढरी, गुलाबी, मधूनच सोनेरी. ती पंख्यावर बसते, लोणच्याच्या बरणीवर बसते, आणि आईच्या त्या जुन्या, पोट सुटलेल्या टीव्हीत तर वर्षानुवर्षं मुक्कामालाच होती. मी दर रविवारी आईला एकच सांगायचो, "आता रोह्याला चल." तिचं उत्तरही एकच.

"हा डबा चालतो हाय तवर मी हितून हलायची नाय. बंद पडला का येईन."

डबा बंद पडायचं नाव घेईना. पावसाळ्यात फक्त मागून चट्चट् वाजायचा. धूळ दमट झाली की आतला करंट तिच्यातून वाट काढतो, हे मला माहीत होतं. आता इतकं माहीत असलेला माणूस गप्प कसा बसेल? बसला असता तर शहाणा ठरला असता, ते सोडा.

रोह्याला लागून असलेल्या अष्टमी गावात एक म्हातारा टीव्ही मेकॅनिक आहे. दुकानात हल्ली मोबाइलची कव्हरं लटकतात, पण बोर्डावर टीव्ही अजून आहे. त्याला जाऊन विचारलं, आत साफ करू का?

"चालतोय ना?"

"चालतोय."

"चित्र दिसतं?"

"दिसतं."

"मग साहेब, तुमच्या पोटात का दुखतं? झाकण उघडू नका. प्लग काढला तरी आत करंट राहतो. आणि पिक्चर ट्यूबची मान काचेची असते, तिला धक्का लागला की खेळ खल्लास. धूळ बसलीय ती बसू द्या."

मी मान डोलावली. कंपनीत सेफ्टीच्या भाषणाला आम्ही सगळे डोलवायचो, अगदी तशीच.

गणपती गेले आणि मी स्क्रू ड्रायव्हर, मऊ ब्रश घेऊन पेणला हजर झालो. प्लग काढला, मागचं झाकण उघडलं. आत धुळीची अख्खी गोधडी! तेवढ्यात शेजारचा मूर्तिकार डोकावला. पेणमध्ये कॉम्प्रेसर हे सगळ्या दुखण्यांवरचं औषध आहे. सीझनमध्ये त्याने मूर्तींवर रंग मारायचा, आणि सीझन संपला की त्याच हवेने आळीतले पंखे, शिलाई मशिनी, स्कूटरी उडवून काढायच्या. पाइप घरोघर फिरतो आणि लोक चहा पाजून त्याचं स्वागत करतात.

"दादा, ब्रशनं काय कोरत बसलाय? दोन मिनिटांत उडवतो."

आई दारातून ओरडली, "अरे, नका रे हात लावू! चालतो हाय ना तो?"

"आई, तुला त्यातलं काय कळतं?"

हे मी म्हणालो. लिहिताना लाज वाटते, पण म्हणालो.

हवा सुटली आणि खोलीत गुलाबी वादळ उठलं. आम्ही दोघं खोकत होतो, डोळे चोळत होतो, आणि त्या गोंधळात पाइपचं पितळी टोक कशावर तरी आपटलं. टक्. मग बारीकसं सुस्स. ट्यूबमध्ये हवा शिरण्याचा आवाज, दुसरं काय!

"निघाली बघा धूळ," मूर्तिकार समाधानाने म्हणाला.

मी तरीही झाकण लावलं, आठच्या आठ स्क्रू पिळले, प्लग लावला. आईने बटण दाबलं. काळा पडदा. तिने दोनदा दाबून पाहिलं, मग आत गेली आणि पिशवी भरून बाहेर आली.

"चल. बोलले व्हते ना, बंद पडला का येईन."

मूर्तिकार नवा टीव्ही आणायच्या गोष्टी करत होता. ती चप्पल घालत होती.

गाडीत नागोठणं मागे पडलं तेव्हा ती एकदम म्हणाली, "मुद्दाम मोडलास ना?"

"नाही गं आई! शप्पथ!"

ती खिडकीबाहेर बघत राहिली. शपथ खरी होती. पण ते सुस्स ऐकल्यावर माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं होतं, तर 'आता येईल.' टीव्ही गेल्याचं वाईट मला त्यानंतर वाटलं. हे मी तिला सांगितलेलं नाही. सांगायची गरज आहे असंही वाटत नाही.

रोह्याच्या घरात भिंतभर टीव्ही आहे. ती त्याच्याकडे पाठ करून बसते. मी रोज सकाळी त्याला फडकं मारायचो. परवा खाटेवरून आवाज आला, "ह्याला पन साफ करतोस व्हय? कर, कर. चांगला आतून कर. ह्यो बंद पडला का मी पेणला जाईन."

फडकं तिथेच ठेवलं. तेव्हापासून त्या टीव्हीला मी हात लावलेला नाही. आता त्याच्यावर बोटाने नाव लिहिता येईल इतकी धूळ आहे, आणि आई रोज सकाळी उठून ती बघते.