कोलशेतच्या नवरीची सुटका

पहिली गोष्ट स्पष्ट करते. प्रणालीने तो व्हॉइस मेसेज कुठे बसून रेकॉर्ड केला, तिच्या शेजारी कोण होतं, तिचा चेहरा कसा होता, यातलं मी काहीही पाहिलेलं नाही. माझ्यापर्यंत आला तो फक्त आवाज. आणि एका आवाजाच्या भरवशावर मी जे काही केलं, ते ऐकून तुम्ही मला चहा द्यायचा की नाही ते ठरवा.

मी भाषाविज्ञान शिकलेली बाई. पुराव्याशिवाय विश्वास ठेवत नाही. दूधवाल्याने ‘दूध ताजं आहे’ म्हटलं तरी ‘कशावरून?’ असं विचारते. डोंबिवलीला राहते आणि ठाण्यात मोठ्या माणसांचा इंग्रजी संभाषणाचा वर्ग घेते. माझा नियम एकच आणि कडक. वर्गात इंग्रजी, फोनवर इंग्रजी, मेसेजमध्ये इंग्रजी. मराठीत माफीसुद्धा मागायची नाही!

त्या आठवड्यात आम्ही इच्छा, पसंती आणि कल्पना यांवर होतो. ‘असतं तर बरं झालं असतं’, ‘त्यापेक्षा मी हे करीन’, ‘तुझ्या जागी मी असते तर’. इंग्रजीत ही वाक्यं करताना क्रियापद एक पाऊल मागे घ्यावं लागतं, आणि माझे विद्यार्थी ते पाऊल मागे घेताना हमखास पडतात. प्रणाली तर दर वाक्याला पडायची. कोलशेतच्या जुन्या आगरी घरातली ही मुलगी. घरच्यांची पूर्वी शेती आणि मिठागरं, आता इमारती. लग्न ठरलं होतं म्हणून तिने रजा घेतली, पण ‘मॅडम, होमवर्क पाठवेन’ असं वचन देऊन गेली.

आणि एका दुपारी तिचा मेसेज आला.

“आय विश देअर वॉज नो वेडिंग इन धिस हाउस,” प्रणालीचा आवाज सांगत होता. या घरात लग्नच नसतं तर किती बरं झालं असतं! “नोबडी आस्क्स मी एनिथिंग. आय विश समबडी वुड आस्क मी. आय वुड रादर स्लीप ऑन द टेरेस दॅन सिट विथ दीज पीपल. इफ आय हॅड द करेज, आय वुड टेक द कार अँड गो.”

धाडस असतं तर गाडी काढून निघून गेले असते!

मी पुन्हा ऐकलं. एकही चूक नव्हती. क्रियापदं सगळी आपापल्या जागी, शिस्तीत. आणि तिथेच माझ्या मनात पाल चुकचुकली. जी मुलगी ‘आय विश आय अ‍ॅम’च्या पुढे सरकत नाही, ती इतकं बिनचूक कशी बोलली? माझा शास्त्रशुद्ध निष्कर्ष असा की, माणूस इतकं शुद्ध इंग्रजी फक्त संकटातच बोलतो.

हसू नका. तेव्हा मला तो निष्कर्ष फारच भक्कम वाटला होता.

मी नवऱ्याला, अनिरुद्धला, मेसेज ऐकवला. तो भाजी निवडत होता.

“होमवर्क असेल गं,” तो म्हणाला.

“होमवर्कमध्ये एवढी तळमळ असते?”

“मग फोन कर आणि विचार.”

“फोन तिच्याच हातात आहे याचा पुरावा काय? शेजारी कुणी उभं असेल तर? मुलगी मोकळेपणाने बोलेल?”

“तुझ्यासमोर तरी कोण मोकळेपणाने बोलतं?” असं म्हणून त्याने मेथीत डोकं घातलं.

मग मी मेसेज केला. सावधपणे. कुणी वाचलाच तर संशय येऊ नये अशा बेताने, आणि अर्थातच इंग्रजीत. “तू बाहेर पडू शकतेस का?”

लगेच उत्तर. “नो मॅडम. नॉट अलाउड टिल वेडिंग.”

आता विचार करा. मांडवाची मेढ रोवली की नवरीने गावाची वेस ओलांडायची नाही, ही रीत मला काय ठाऊक नव्हती? आमच्या रत्नागिरीकडे माझ्या स्वतःच्या लग्नात मला आईने साधं कोपऱ्यावरच्या दुकानात पाठवलं नव्हतं! पण मराठीत जी रीत असते, ती इंग्रजीत वाचली की थेट कैद होते हो.

मी लगेच विचारलं, “मी यावं असं तुला वाटतं का?”

“येस मॅडम! आय वुड लव्ह इट! प्लीज कम टुमॉरो. कम फ्रॉम बॅक साइड, फ्रंट इज फुल. डोंट ब्रिंग एनिथिंग.”

मागच्या बाजूने या. काहीही आणू नका. म्हणजे सामान नको, हालचाल चपळ हवी! एवढ्या मोजक्या शब्दांत सुटकेचा आराखडा देणारी मुलगी वर्गात मागच्या बाकावर बसते, याची मला लाज वाटली. मेसेजच्या शेवटी तिने रडणारा चेहराही पाठवला होता. हसून हसून रडणारा. मला चष्म्याशिवाय निम्मंच दिसलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पिशवी भरली. माझा एक सलवार-कुडता, ओढणी, बिस्किटांचा पुडा. अनिरुद्धने दारात विचारलं, “लग्नाला चाललीयस की लग्न मोडायला?”

“ते पुराव्यावर अवलंबून आहे,” मी म्हणाले.

ठाण्याहून रिक्षा करून कोलशेतला पोचले. रिक्षा गल्लीच्या तोंडाशी उभी करायला लावली. ‘इंजिन चालू रखना,’ असंही मी बोलले. चालकाने माझ्याकडे, माझ्या सुती साडीकडे आणि पिशवीतल्या बिस्किटांकडे पाहिलं आणि निमूटपणे इंजिन बंद केलं.

मागच्या अंगणात चुली पेटलेल्या. सात-आठ बायका तांदळाच्या भाकऱ्या थापत होत्या. पुढून बॅन्जोवाल्यांची तालीम ऐकू येत होती. मी भिंतीच्या कडेने सरकले.

“कोन तुमी? कोनाकरच्या?” एका आजीबाईंनी हटकलं.

“मी... प्रणालीला भेटायला आले आहे.”

“मंग फुडून या ना! चोरावानी भिंत धरून कशाला चालता?”

मी गंभीरपणे म्हटलं, “मला मागूनच यायला सांगितलं आहे.”

“भाकर थापता येतं काय?”

“नाही.”

“मंग मागून येऊन उपेग काय!” आणि सगळ्या जणी अशा हसल्या की बॅन्जो क्षणभर थांबला.

तेवढ्यात प्रणाली दारात आली. कोपरापर्यंत ओली मेंदी, दोन्ही हात हवेत. मला तर ती शरण आल्यासारखीच दिसली! मी तिला दंडाला धरून शेजारच्या खोलीत ओढलं. तिथे गाद्यांची चळत होती. गाद्यांमागे उभं राहून, बाहेरच्यांना कळू नये म्हणून, मी कुजबुजले. इंग्रजीत.

“प्रणाली, तुला इथून जायचं आहे का?”

तिचे डोळे चमकले. मॅडम लग्नघरातसुद्धा तोंडी परीक्षा घेतात, असा तिचा समज झाला होता, हे मला नंतर कळलं. तिने खाकरून गळा साफ केला.

“इफ आय कुड गो एनिव्हेअर, आय वुड गो टु दुबई!”

“आत्ता?”

“नो मॅडम. आफ्टर वेडिंग. विथ हझबंड.”

“म्हणजे हे लग्न तुला मान्य आहे?”

“इफ आय डिड नॉट मॅरी हिम,” ती विचार करकरून, बोटं मोजता येईनात म्हणून मान हलवत म्हणाली, “आय वुड... आय वुड क्राय! करेक्ट, मॅडम?”

करेक्ट होतं. पूर्णपणे करेक्ट होतं. आणि माझ्या पायाखालची फरशी हलायला लागली.

माझा नियम मी मोडला. “अगं, मराठीत बोल! तुझ्यावर कुणी जबरदस्ती केलीय का?”

“कसली जबरदस्ती मॅडम? मीच शोधलाय त्याला! घरच्यांना पटवायला किती महिने गेले माहितीये?”

“मग तो मेसेज? गाडी काढून निघून जाईन, गच्चीवर झोपेन?”

“तो होय! तो तर पप्पांचा आहे.”

“कुणाचा?”

“तुम्हीच सांगितलेलं ना मॅडम? घरातल्या एका माणसाला त्याच्या मनातलं विचारायचं, आणि मग तोच माणूस होऊन ‘मी’ म्हणून बोलायचं. पप्पांना विचारलेलं मी. ते आपल्या बोलीत बोलले, मी मोबाईलवरून इंग्रजी करून घेतलं. सॉरी मॅडम, तेवढं चीटिंग केलेलं.”

सांगा आता! गृहपाठ मी दिलेला. पद्धत माझी. वर्गात त्या पद्धतीचं महत्त्व मी अर्धा तास समजावलेलं. आणि त्या पद्धतीप्रमाणे केलेला गृहपाठ ऐकून पोलिसांना कळवावं का असा विचार करणारी महाराष्ट्रातली एकमेव शिक्षिका मीच!

पण खरं सांगू? लाज वाटायच्या आधी मला इतकं हलकं वाटलं, की मी त्या गाद्यांवर बसलेच. मुलगी सुखात होती. कुणाला पळवायचं नव्हतं, कुणाशी भांडायचं नव्हतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि प्रणालीने ते पुसायला मेंदीचा हात पुढे केला. साडीवर अजून डाग आहे.

“कोन आयलाय?” दारात एक धिप्पाड गृहस्थ उभे होते. गळ्यात सोन्याची साखळी, हातात चाव्यांचा जुडगा, चेहऱ्यावर आठवडाभराचा थकवा.

“पप्पा, माझ्या मॅडम. तुमची वाक्यं ऐकून आल्यात.”

त्यांनी आधी मागे वळून पाहिलं, मग दार लोटून घेतलं. “हळू बोल गो! तुजी आई भायेरच हाय.”

“ते... सगळं खरं होतं का?” मी विचारलं. सवय हो, जात नाही.

“मॅडम, आता तुमाला काय सांगू,” ते माझ्यासमोर गादीवर टेकले. “पोरीचं लगीन, मना आनंद नाय काय? हाय ना! पन घर माजं, मांडव माजा, बॅन्जो मी सांगितला, आणि कुठलं गानं वाजवाचं ते मना कोनी इचारत नाय. मना काय इचारतात? चावी कुठं हाय! सकाळपासून येकच. शेठ, चावी कुठं हाय? रातचं माज्या खोलीत पाहुनं, माज्या खाटेवर पाहुनं. येक मानूस तर माजी चप्पल घालून गेला. मना कोनी येक दुपार खडवलीला नदीवर नेऊन बसवला ना, तर मी आख्खा लगीन परत करीन, हसत!”

“पप्पा!”

“मॅडमनी इचारलं म्हनून बोललो.”

तेवढ्यात प्रणालीच्या आई आल्या. मॅडम लग्नाआधी मुद्दाम भेटायला आल्या, या गोष्टीचं त्यांना इतकं कौतुक, की मी ते नाकारू शकले नाही. रिक्षा परत पाठवली गेली. तीही चालकाला आत बोलावून जेवू घातल्यावरच. मला पाटावर बसवलं, त्याच आजीबाईंनी भाकरी वाढली आणि म्हणाल्या, “खावाला तरी येतं ना?”

निघताना मी रिक्षा बघते म्हणाले, तर प्रणालीचे वडील ताडकन उठले.

“रिक्षा कशाला? मॅडमना मी सोडतो. पार डोंबिवलीला!”

“तुमी?” आईंचे डोळे विस्फारले. “सांजच्याला हळद हाय! पाहुनं यायला लागतील.”

“एवढ्या शिकलेल्या बाई मुद्दाम आयल्या आपल्याकरं. त्यांना रिक्षात बसवू? लोकं काय बोलतील?”

मला तर गहिवरूनच आलं. शिक्षकाविषयी असा आदर आजकाल कुठे बघायला मिळतो? गाडीत ते सारखे गुणगुणत होते. इमारतीच्या फाटकाशी मी म्हटलं, “वर या, चहा घेऊन जा.”

“नको मॅडम. घाई हाय,” ते म्हणाले, आणि चाव्यांचा जुडगा माझ्या हातात ठेवला! “घ्यायला कोनाला तरी पाठवतो. चालंल ना?” मी काही बोलायच्या आत गाडी गेली.

संध्याकाळी फोन. प्रणालीच्या आई. मागे बॅन्जो, माणसांचा गलका.

“मॅडम, यांचा फोन लागत नाय. तुमच्याकरंच हायेत काय? हळद खोळंबलीय. कपाटाची चावी यांच्याकरं हाय!”

चावी माझ्या डायनिंग टेबलावर होती. अनिरुद्ध समोर बसून ती न्याहाळत होता. आणि आयुष्यभर पुरावा मागणारी मी, अत्यंत शांत आवाजात म्हणाले, “हो हो, इथेच आहेत. चहा घेतायत. निघतीलच.”

अनिरुद्धच्या हातातला कप तसाच राहिला.

थोड्या वेळाने दारावर टकटक झाली. प्रणालीचे वडील. केस विंचरलेले, चेहरा टवटवीत, कुठल्याही लग्नघरातल्या बापाचा नसतो तसा. त्यांनी चाव्या घेतल्या, माझ्याकडे बघून दोन्ही हात जोडले आणि गेले. हळद व्यवस्थित लागली, लग्नही झालं.

दुबईहून आल्यावर प्रणाली खजूर घेऊन वर्ग सुरू व्हायच्या आधीच आली, म्हणून मराठी चालवून घेतलं. “मॅडम, हळदीच्या दिवशी तुम्ही पप्पांना एवढा वेळ बसवून इंग्रजी शिकवलंत? त्यांनी घरी सगळ्यांना सांगितलं. चहा निवला म्हणे, पण तुमचं बोलणं संपेना!”

“मग? तुम्हाला खरं वाटलं?”

“म्हणजे काय मॅडम! आई पण म्हणाली, मॅडमच्या तावडीतून सुटून आले हेच नशीब. वर्गातल्या मैत्रिणींना सांगितलं, तर कुणालाच नवल नाही वाटलं.”

कुणीही शंका घेतली नाही हो! एकानेही ‘कशावरून?’ असं विचारलं नाही. मी खजूर खाल्ला आणि वर्ग सुरू केला.

ती दुपार त्या गृहस्थांनी कुठे घालवली, हे त्यांच्या घरी कुणाला विचारावंसं वाटलं नाही, आणि मला अजून कळलेलं नाही.