मावशीच्या मांडीवरचं हेल्मेट

काल सकाळी डॉक्टरांनी नाव पुकारलं, त्याच क्षणी माझ्या शोभामावशीला तिच्याच माणसांनी दगा दिला. स्तनाचा कॅन्सर उलटला होता. आता अख्खा स्तन काढायचा की पुन्हा केमो घ्यायची, हे ठरायचं होतं. "तू बाहेरच बस, उगाच घाबरशील," असं म्हणून नवरा, दीर आणि मुलगा आत गेले. बाकावर मावशीच्या मांडीवर नवऱ्याची पिशवी, दिराची छत्री, मुलाचं हेल्मेट.

"मावशी, ऊठ, आत चल," शेजारी बसलेली मी म्हणाले.

"अगं, मग सामान कोण बघेल?"

प्रत्येक एसटी स्टँडवर, प्रत्येक लग्नात ती सामानापाशीच बसत आली. काल आत तिच्या छातीचा निर्णय होत होता, तरी ती हेल्मेट घट्ट धरून होती.

तुमच्या घरातली बाई आजारी असेल, तर डॉक्टरांसमोरची खुर्ची तिला द्या. सामान तुम्ही सांभाळा.