ताई म्हणतात

श्रीनिवास सरांनी हात जोडले, "सुजाता मॅडम ना? तुमच्याशीच बोलायचं होतं," म्हणाले, आणि मी तोंड उघडलं नाही. नुसती हसले. मग शेजारी उभ्या असलेल्या माझ्या धाकट्या जावेकडे, प्रज्ञाकडे, बोट दाखवलं.

"ताई आज बोलत नाईत," प्रज्ञा म्हणाली. "चार वाजता वाचन हाये ना, गळा जपून राह्यल्या. तुमी इचारा, मी सांगते."

सर गोंधळले. आवाजाचं काम करणाऱ्यांच्या मेळाव्यात तोंड बंद करून आलेली बाई त्यांनी पहिल्यांदाच पाहिली असावी.

मी व्हॉइसओव्हर आर्टिस्ट आहे. म्हणजे जिचा आवाज ऐकू येतो आणि चेहरा दिसत नाही ती. बियाण्यांच्या जाहिराती, साड्यांच्या दुकानाची रिक्षा फिरते त्यावरची घोषणा, एखाद्या माहितीपटाचं निवेदन, असलं काम. आदिलाबादजवळच्या मावला गावात आमच्या घराच्या मागच्या खोलीत माझा स्टुडिओ आहे. स्टुडिओ म्हणजे भिंतींना ठोकलेल्या जुन्या गाद्या, एक चांगला माइक, आणि मधे काच. काचेच्या आत मी वाचते. बाहेर प्रज्ञा कॉम्प्युटरवर एडिटिंग करते. माझ्या चुका कापते, खोकला कापते, दोन वाक्यांच्या मधे मी श्वास घेते तोही कापते. ती मूळची इकडच्याच बेला गावची. लग्न होऊन आमच्या घरी आली आणि माझ्यामुळे या धंद्यात अडकली.

मोठ्या वाचनाच्या दिवशी सकाळपासून मौन, हा माझा जुना नियम. याला आमच्याकडे व्हॉइस रेस्ट म्हणतात. कुजबुजही करायची नाही, कारण कुजबुजण्यानं घसा उलट जास्त ताणतो. त्यात त्या आठवड्यात मला सर्दी झालेली. आवाज जेमतेम जागेवर आला होता. घरी मी असं तोंड बंद केलं की माझे मिस्टर, जे शाळेत मास्तर आहेत, खूश असतात. पण त्या दिवशी तेही गप्प होते. कारण त्या दिवसावर स्टुडिओ राहतो की जातो हे ठरायचं होतं.

काम आटलं होतं. रिक्षावाल्यांनी कॉम्प्युटरचा आवाज लावायला सुरुवात केली होती. टाइप केलं की बोलतो. त्याला सर्दी होत नाही, चहा लागत नाही, आणि ‘पुन्हा घ्या’ म्हटलं तर तोंड वाकडं करत नाही. मिस्टरांनी सरळ सांगितलं होतं, "हे काम लागलं तर स्टुडिओ ठेव. नाई लागलं तर खोली भाड्यानं देऊन टाकू. किती दिवस गाद्या झटकत बसशील?"

हे काम म्हणजे शेतीसल्ल्याची हेल्पलाइन. फोन लावला की "कपाशीसाठी एक दाबा" म्हणणारा आवाज असतो ना, तो. पुढे सल्ला ऐकवायचा, मग बीप वाजते, आणि बीपनंतर शेतकऱ्यानं आपला प्रश्न बोलायचा. हैदराबादच्या एका संस्थेला तेलंगण-महाराष्ट्र सीमेवरच्या गावांसाठी मराठी आवाज हवा होता. दर आठवड्याला नवा सल्ला, म्हणजे दर आठवड्याला काम. श्रीनिवास सर त्यासाठीच मेळाव्याला आले होते, आणि चार वाजताचं वाचन ऐकून आवाज निवडणार होते.

मेळावा आदिलाबादच्या एका फंक्शन हॉलमध्ये होता. मराठी, तेलुगू, हिंदी, गोंडी, सगळ्या भाषांतले आवाजवाले एकत्र. याला नेटवर्किंग म्हणतात. म्हणजे ओळखी करून घ्यायच्या, आपलं काम सांगायचं, समोरच्याचं ऐकायचं. पण आवाजवाल्यांत ऐकणारा कोण? हॉलचं छत पत्र्याचं, आवाज घुमतो, म्हणून जो तो शेजाऱ्यापेक्षा मोठ्यानं बोलतो. त्यात आमच्या लोकांना साधं बोलताच येत नाही. "जरा पाणी द्या" हेही जाहिरातीसारखं म्हणतात. नरसिंगअण्णा म्हणून एक जुने तेलुगू अनाउन्सर आहेत, मेळावा त्यांनीच भरवला होता. जेवणाच्या रांगेत भात संपत आला तर त्यांनी तो ‘थोडाच साठा शिल्लक’च्या थाटात पुकारला. लगेच रांग दुप्पट झाली.

मी कोपऱ्यात बसून ज्येष्ठमध चघळत होते आणि मनात म्हणत होते, ओरडा बाबांनो, ओरडा. चार वाजता कळेल.

तर सर. त्यांनी खुर्ची ओढली आणि प्रज्ञाला विचारलं, "आमच्या लाइनवर लोक फोन लावतात आणि बीप यायच्या आधीच ठेवतात. प्रश्न कोणी सांगतच नाही. काऊन असं होत असन?"

त्यांचं मराठी ऐकून मी चमकले. ते हसले. "मी इकडच्याच मुधोळचा. घरी तेलुगू, गल्लीत मराठी."

मी मोबाइलवर टाइप केलं, ‘सुरुवात फार लांब.’ प्रज्ञानं वाचलं आणि सुरू झाली.

"ताई म्हणतात, तुमचा नमस्कारच लय लांब हाये. मानूस वावरात उभा हाये. हातात बोंड, बोंडात अळी. त्याचा जीव वरखाली होऊन राह्यला, अन् तुमी त्याचं स्वागत करून राह्यले. काऊन थांबन तो?"

मी तीन शब्द लिहिले होते. बाकी सगळं तिच्या घरचं. पण मुद्दा माझाच होता, म्हणून मी मान डोलावली.

"आवाज बाईचा ठेवावा का माणसाचा?" सरांनी विचारलं.

मी स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं.

"ताई म्हणतात, बाईचाच ठेवा. कापूस येचते कोन? निंदते कोन? अळी आधी बाईलेच दिसते. मंग ती घरी येऊन सांगते, अन् घरवाला म्हनते, तुले काय समजते!"

सर खो खो हसले. मी टेबलाखालून प्रज्ञाला चिमटा काढला. ती म्हणाली, "ताई चिमटा काढून राह्यल्या, म्हणजे मी जास्त बोलली." सर आणखी हसले. जेवण झाल्यावर ते परत आमच्याच टेबलावर आले. लोक त्यांना आपला डेमो, म्हणजे आवाजाचा नमुना, ऐकवायला आडवे येत होते. ते "हो हो" करून सुटत होते आणि आमच्याकडे बसत होते. कापसाचं, बेल्याच्या बाजाराचं, पोरांच्या शाळांचं सगळं बोलून झालं. मी इशारे करत होते, प्रज्ञा बोलत होती. मला वाटत होतं, माझं नेटवर्किंग किती छान चाललंय.

चार वाजले. वाचन कोल्ड रीड पद्धतीचं होतं. म्हणजे कागद आधी दाखवत नाहीत. स्टेजवर हातात देतात आणि तिथल्या तिथे वाचायचा. माझा अंदाज खरा ठरला. अर्ध्या लोकांचे घसे बसले होते. एकाचा आवाज मधेच फाटला, एक बाई खोकतच खाली उतरल्या. माझा नंबर आला. दिवसभर जपलेला आवाज मी बाहेर काढला. माइकपासून वीतभर अंतर, ‘प’ आणि ‘फ’ माइकवर आपटू दिले नाहीत, वाक्याच्या शेवटी दम पुरला. टाळ्या पडल्या. नरसिंगअण्णा बसलेल्या घशानं "सूपर, अम्मा!" म्हणाले.

"एकदम स्वच्छ वाचलं, मॅडम," सर म्हणाले.

बाहेर येऊन स्कूटरवर बसल्यावर मी दिवसातलं पहिलं घरगुती वाक्य बोलले. "झालं बघ काम."

"बोलल्या माय एकदाच्या!" प्रज्ञा म्हणाली. "माझं तोंड दुखून राह्यलं."

दुसऱ्या दिवशी दुपारी सरांचा फोन आला. प्रज्ञा काचेपलीकडे नाही, माझ्या शेजारीच बसून एका लग्नाच्या व्हिडिओचं निवेदन कापत होती.

"मॅडम, आवाज ठरला," सर म्हणाले.

"धन्यवाद सर. रेकॉर्डिंग कधीपासून—"

"म्हणजे... तुमच्यासंगं होत्या त्यांचा. प्रज्ञा मॅडमचा."

मी काही बोलले नाही. या वेळी गळा जपत नव्हते.

"राग मानू नका," सर म्हणाले. "तुमचा आवाज ऐकला की माणूस सावरून बसतो. सावरून बसला की तो ऐकतो, पण बोलत नाही. जाहिरात समजून फोन ठेवतो. मला तो बीपनंतर बोलायला पाहिजे. काल त्या मॅडमसंगं बोलता बोलता मीच माझ्या घरचं सगळं सांगून बसलो. मी तर कामासाठी आलो होतो!"

खोटं कशाला सांगू, मी जळले. इतकी वर्षं मी गळा सांभाळला. लोणचं सोडलं, ताक सोडलं, थंड पाणी सोडलं. आणि ही बाई मिरचीचा ठेचा खाऊन, दिवसभर माझ्या नावानं बडबड करून काम घेऊन गेली! ‘ती आर्टिस्ट नाही, फक्त एडिटिंग करते’ हे वाक्य माझ्या ओठावर आलं होतं. म्हटलं असतं तर ते खोटंही नव्हतं. पण समोर गाद्या दिसत होत्या. स्टुडिओ माझ्या आवाजावर चालतो की तिच्या, हे भिंतींना काय करायचंय? मी फोन तिच्यासमोर धरला.

"घे. तुझा आहे."

"माझा? कोन मेलं?" प्रज्ञा घाबरून म्हणाली. तिला अचानक फोन आला की वाईट बातमीच वाटते.

कोणी मेलं नव्हतं, पण पुढचे दिवस तसेच गेले. प्रज्ञा काचेच्या आत बसली आणि तिची सुजाता झाली. घसा आवळून, शब्द तोलून, "शेतकरी बंधूंनो आणि भगिनींनो" सुरू केलं. माझीच नक्कल, आणि तीही वाईट. मी टेकवर टेक घेतले. एक वाक्य पुन्हा पुन्हा म्हणायचं, त्यातल्या प्रत्येक वेळेला टेक म्हणतात. प्रत्येक टेक आधीच्यापेक्षा ताठ. तरी त्यातले बरे निवडून सरांना पाठवले.

"ह्या त्या मॅडम नाईत," सरांचं उत्तर आलं. "आणखी एकदा पाठवा. जमलं नाई तर मला दुसरीकडं पाहावं लागन."

प्रज्ञा रडकुंडीला आली. "ताई, मले नाई येत. तुमीच करा. सरले सांगा, मी ते तुमच्याच वतीनं बोलत होती."

हे ऐकलं आणि मला उठून स्वतःच्याच डोक्यात टपली मारावीशी वाटली. कॉम्प्युटरवर रेकॉर्डिंग चालूच ठेवलं आणि मी आत गेले. तिच्या हातातला कागद काढून घेतला. समोर स्टूल ओढून बसले. तोंड घट्ट मिटलं. कागदावरच्या ओळीवर बोट ठेवलं, ती तिला दाखवली, आणि माइककडे हात केला, जसा त्या दिवशी सरांकडे करत होते.

ती माझ्याकडे बघत राहिली. मी पुन्हा माइककडे हात केला. म्हणजे, सांग त्या शेतकऱ्याला.

"ताई म्हणतात," प्रज्ञा माइकला म्हणाली, "एक बोंड फोडून पाहा आधी. आत अळी हाये का? असन तर घाबरू नका. पन आज-उद्या करू नका."

एका टेकमध्ये झालं. ‘प’ आपटला होता, श्वास ऐकू येत होता, मागे तिच्या बांगड्याही वाजल्या होत्या. मी कशालाही हात लावला नाही. फक्त सुरुवातीचं ‘ताई म्हणतात’ कापलं आणि पाठवलं. सरांचं उत्तर लगेच आलं, "ह्याच मॅडम."

तेव्हापासून पद्धत ठरली. आठवड्याचा सल्ला आला की मी तो वाचते, मुद्दे मनात लावते, आणि आत जाऊन तिच्यासमोर मुकी बसते. ती माझ्या वतीनं बोलते. मग मी बाहेर येऊन एडिटिंग करते. वय वाढल्यावर शिकले, पण शिकले. माझं मुख्य काम प्रत्येक वाक्याआधीचं ‘ताई म्हणतात’ कापणं. आमच्या मिस्टरांना हे फार आवडलं आहे. "दोघींपैकी एकीनं तरी गप्प बसायची नोकरी धरली," म्हणतात.

एकदा घाईत एक कापायचं राहिलं. सल्ला तसाच लाइनवर गेला. सरांचा फोन आला तेव्हा मी माफीचं वाक्य तयार ठेवलं होतं.

"हे पाहा," सर म्हणाले आणि त्यांनी बीपनंतरचं रेकॉर्डिंग ऐकवलं. एक म्हातारा माणूस होता. मागे बैलाची घंटा वाजत होती. आधी त्यानं बैलाला थांबवलं. मग म्हणाला, "ताईले सांगा, माह्या कपाशीचे पानं लाल पडून राह्यले. त्याहीले इचारा, काय करू." त्यानंतर एक बाई. "ताई हायेत का? त्याहीलेच सांगाचं होतं."

"आता ते कापत जाऊ नका," सर म्हणाले.

फोन ठेवून मी प्रज्ञाला सांगितलं. ती म्हणाली, "मंग? मी कवापासून तेच सांगून राह्यली, ताई म्हणतात." मला हसूही आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं. ते मी कापलं नाही.

नवे आवाजवाले मला विचारतात, मेळाव्याला जाताना काय काळजी घ्यावी. मी सांगते, नेटवर्किंगला जाताना गळा जपायचा नसतो. जपायचाच असेल, तर आपल्या वतीनं बोलायला घरचं माणूस न्यावं. काम गेलं तरी घरातच राहतं.