अत्तारचाचांचं नाक

अत्तारचाचा फलटणात चहापत्तीचं दुकान चालवायचे आणि आलेल्या गिऱ्हाइकाला चहा पिऊ नका म्हणून सांगायचे. पत्ती तोलून, पुडी बांधून, दोरा तोडून झाला की पुडी हातात देताना म्हणायचे, "घ्या. पर खरं सांगू का, हे पाणी रंगवायचं काम हाय." गिऱ्हाईक हसायचं, पुडी घ्यायचं आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा यायचं, कारण पत्ती चांगली असायची. चाचांना चहा आवडत नव्हता, पण न आवडणाऱ्या मालातही भेसळ केलेली त्यांना खपत नसे.

दुकानाची दर्शनी बाजू चहाची होती. आतल्या फळीवर मात्र काचेच्या बरण्या होत्या आणि त्यांत कॉफीच्या बिया. प्रत्येक बरणीवर चिठ्ठी डकवलेली : चिकमगळूर, कूर्ग, वायनाड, अरकू. एकदा एका नवख्या माणसानं विचारलं, "चाचा, ह्या एष्टीच्या पाट्या इथं कशाला लावल्यात?" चाचा म्हणाले, "एष्टी तुमाला निस्ती गावाला सोडती. ही गाव तुमच्या तोंडात आणून सोडती."

हे वेड त्यांना तरुणपणी लागलं. मामाच्या ट्रकवरून ते मिरे आणायला चिकमगळूरकडे गेले होते. घाटात ट्रक बंद पडला, आणि दुरुस्त होईपर्यंत एका मळ्यातल्या मुकादमानं त्यांना घरी ठेवून घेतलं. तिथं त्यांनी पहिल्यांदा ताजी भाजलेली, ताजी दळलेली कॉफी प्यायली. "तवा कळलं पोरी, आजपतूर आपण तोंड धूत हुतो, पीत न्हवतो," असं ते मला सांगायचे. परत आले तेव्हा ट्रकमध्ये मिरे कमी आणि कॉफी जास्त होती. त्यांचे वडील पेठेत अत्तर विकायचे. त्यांनी मुलाला शिव्या घातल्या, आणि मग पोत्यात हात घालून मूठभर बिया नाकाशी नेल्या. मग पोतं स्वतःच आत नेऊन ठेवलं. "त्या घडीला नाक माझ्या नावावर झालं," असं चाचा सांगायचे.

माझ्या वडिलांचं शिलाईचं दुकान चाचांच्या दुकानाला लागूनच होतं, मधे एकच भिंत. मागच्या अंगणात चाचा हातानं फिरवायच्या ड्रममध्ये बिया भाजायचे. भाजणीच्या दिवशी आमच्या दुकानातलं सगळं कापड तो वास पिऊन घ्यायचं. वडिलांनी शिवलेली पँट फलटणात डोळे मिटूनही ओळखू यायची. एकदा वडील चिडून गेले. "चाचा, नवरदेवाच्या सफारीला वास येतोय." चाचांनी विचारलं, "कशाचा?" "कशाचा म्हणजे? कॉफीचा." "ते कळलं वो. पर कुठल्या गावच्या?" वडील परत आले आणि त्यांनी सफारी गच्चीत वाळत टाकली.

चाचांकडून कॉफी विकत घेणं सोपं नव्हतं. आधी उलटतपासणी व्हायची. सकाळी पिता की दुपारी, नाश्त्याला काय असतं, साखर किती, दूध कुठलं. बापू म्हणून एक निवृत्त फौजी होते, त्यांना बंगळूरला कॉफीची चव लागली होती. ते आपल्या उसाच्या मळ्यातून मोटारसायकलवर यायचे. "बापू, दूध किती घालता?" "म्हशीचं. भरपूर." "मग वायनाड न्या. ती दणकट हाय, दुधाला भीत न्हाई. चिकमगळूरची नाजूक. म्हशीच्या दुधात बुडून मरंल बिचारी." बापूंनी चिकमगळूरच पाहिजे म्हटलं तर चाचा सरळ बरणीचं झाकण लावायचे.

चव सांगताना त्यांचे शब्द आपल्याच मुलखातले असायचे. चिकमगळूर म्हणजे गुऱ्हाळात काहिलीच्या कडेला जरा जास्त लागलेला गूळ. अरकू म्हणजे आटपाडीचं डाळिंब, आधी आंबट, मग गोड. कूर्ग म्हणजे भाजलेल्या शेंगेचं टरफल दाताखाली आल्यासारखं. मलबारच्या किनाऱ्यावर पावसाळी वाऱ्यात फुगवलेली एक कॉफी असते, ती त्यांच्या मते "भिजलेलं पोतं, पर चांगल्या घरातलं". त्यांचं चुकायचंही. एकदा कुणाच्या तरी मुलानं परदेशातून आणलेलं पाकीट दाखवलं. चाचांनी वास घेतला आणि ही कूर्गची म्हणून निकाल दिला. पाकिटावर ब्राझील लिहिलेलं होतं. चाचांनी पाकीट उलटसुलट करून बघितलं आणि म्हणाले, "पाकीट चुकलंय."

चाची या सगळ्यापासून लांब होत्या. त्या आलं घालून, भरपूर साखरेचा चहा प्यायच्या, तोही चाचांसमोर बसून. घरात दोघं दखनीत बोलत, भांडण मात्र मराठीत करत. शेजाऱ्यांनाही न्याय करता यावा म्हणून, असं माझी आई म्हणायची.

माझं लग्न चाचांनी जमवलं, असं म्हटलं तर फारसं चूक नाही. सांगलीची मंडळी मला बघायला येणार होती. मुलाच्या आईचं माहेर धारवाडचं, हे वडील बोलता बोलता भिंतीपलीकडे सांगून बसले. पाहुणे बैठकीत टेकले तेवढ्यात चाचा मागच्या दारानं स्वयंपाकघरात शिरले. हातात पितळी फिल्टर.

"भाभी, त्यो चहा उतरवा," ते आईला म्हणाले. "धारवाडच्या माणसाला चहा दिला तर लगीन हुयाचं न्हाई. आन झालं तर टिकायचं न्हाई."

आई इतकी घाबरली होती की तिनं खरोखरच चहाचं पातेलं उतरवलं. चाचांनी कॉफी केली, मी ती बाहेर नेली. मुलाच्या आईनं एक घोट घेतला, कप खाली ठेवला आणि विचारलं, "मुलीनं केली?"

माझे वडील कपडे कधी मिळतील ते सोडून कशाबद्दल खोटं बोलत नसत. ते म्हणाले, "नाही. शेजारच्या चाचांनी केली."

एवढ्यात चाचा स्वतःच स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात येऊन उभे. "वहिनी, दूध कमी पडलं का?"

"नाही, बरोबर आहे. कुठली आहे ही?"

"निम्मी चिकमगळूर, निम्मी कूर्ग."

"चिकोरी?"

"आपल्याकडं न्हाई मिळत ती. मुळाचा भुगा कॉफीत घालायचा तर पेरायची कशाला कॉफी?"

मग त्या दोघांचं जे सुरू झालं ते थांबेना. मुलीला स्वयंपाक येतो का, नोकरी करणार का, हे सगळे प्रश्न राहूनच गेले. मुलगा आणि मी बराच वेळ एकमेकांकडे बघत बसलो, आणि शेवटी आम्हीच बोलायला लागलो. तेव्हा घरच्यांच्या लक्षात आलं की जमलंय.

लग्नानंतर मी सांगलीला आले. दर महिन्याला फलटणच्या गाडीतून कॉफीचा डबा यायचा, आणि डबा पोचला की चाचांचा फोन. मला नाही, सासूबाईंना. "वहिनी, कशी झाली?" सासूबाई आधी कॉफी करायच्या, प्यायच्या, मग फोन करून पाच-दहा मिनिटं बोलायच्या. मी कशी आहे हे चाचा शेवटी विचारायचे, गाडी सुटता सुटता विचारल्यासारखं.

करोनाच्या दुसऱ्या लाटेत चाचा आजारी पडले. दवाखान्यातून सुखरूप घरी आले, दुकान उघडलं, डबे पुन्हा यायला लागले. पहिल्या डब्यातली कॉफी सासूबाईंनी केली, घोट घेतला आणि कप बाजूला ठेवला. "शुभा," त्या म्हणाल्या, "चाचांची तब्येत बरी आहे ना?" मी चाखून बघितली. कॉफी करपलेली होती. पुढचा डबा कच्चा निघाला. फोनवर मात्र सासूबाई चाचांना "छान झाली" म्हणत राहिल्या, आणि फोन ठेवून माझ्याकडे बघत राहिल्या.

मी फलटणला गेले. पेठेत वळले तेव्हाच जळकट धूर दिसला. वडील खोकत दुकानाबाहेर आलेले, तोंडाला रुमाल. मी धावत चाचांच्या दुकानामागच्या अंगणात गेले. ड्रममधून काळा धूर निघत होता आणि चाचा शेजारी शांतपणे उभे राहून मूठ फिरवत होते.

मी ड्रम उतरवला. चाचांनी आत बघितलं, कोळसे झालेल्या बिया बघितल्या आणि खाली बसले. "रंगावरनं भाजतोय," ते म्हणाले. "ऊन पडलं की रंगबी नीट दिसत न्हाई."

"म्हणजे?"

"नाक गेलं पोरी. काय सुदिक येत न्हाई. डॉक्टर म्हणतोय येईल, न्हाईतर न्हाई येणार." मग आवाज खाली आणून म्हणाले, "चाचीला सांगू नगंस. जल्मभर ह्याच नाकाचा तोरा दाखवलाय तिला."

साताऱ्यात कॉफीचं नवं दुकान काढणारा एक तरुण त्याच दुपारी ड्रम आणि बरण्या न्यायला येणार होता. चाचांनी सगळं विकायचं ठरवलं होतं. मी काही म्हणायच्या आत ते उठून पुढे गेले. चाचांच्या आजारपणात चाचींनी घरादुकानातलं सगळं जंतुनाशकानं पुसून काढलं होतं, त्यात बरण्यांवरच्या चिठ्ठ्याही निघून गेल्या होत्या. कुठल्या बरणीत काय, हे चाचांना आता फक्त अंदाजानं सांगता येत होतं.

तो तरुण आला. एक बरणी उचलून म्हणाला, "ही कुठली?"

चाचांनी झाकण उघडलं, डोळे मिटले, लांब श्वास घेतला. "अरकू," ते म्हणाले.

आतल्या पडद्यामागून चाचींचा आवाज आला. "अरकू न्हाई ती. चिकमगळूर हाय."

चाचा वळले. "तुला काय कळतंय त्यातलं?"

चाची पडदा सारून बाहेर आल्या, हात पदराला पुसत. "आवं, तुमचे सदरे कोण धुतंय? अरकू भाजली की सदरा दोन पाण्यात निघतो. कूर्गचा वास साबणाचं ऐकत न्हाई. वायनाडला तर मी सोडा घालती. रोज काय भाजलंय ते मला बादलीत कळतंय." मग त्यांनी फळीवरच्या बरण्या एकेक उघडल्या, नाक मुरडत वास घेतला आणि नावं सांगत गेल्या. चाचा बरण्यांकडे नाही, त्यांच्याकडे बघत होते.

"आन नाकाचं म्हणाल," चाची म्हणाल्या, "तर मागं दूध उतू जाऊन जळालं, तुमी शेजारी बसून पेपर वाचत हुता. तवाच कळलं मला. म्हटलं, सांगतील. वाट बघितली."

चाचांनी उघड्या बरणीचं झाकण लावलं. मग त्या तरुणाला म्हणाले, "भाऊ, ड्रम द्यायचा न्हाई." तो बिचारा लांबून आला होता. रिकाम्या हातानं कसं जायचं म्हणून त्यानं पावशेर चहापत्ती घेतली. पुडी देताना चाचांनी त्यालाही सांगितलं की हे पाणी रंगवायचं काम आहे.

त्यानंतर दुकान दोघांनी चालवलं. चाची भाजण्याचा वास घेऊन कधी उतरवायचं ते सांगायच्या, चाचा उतरवायचे. गिऱ्हाइकासमोर मात्र तंटा व्हायचा. चाचा विचारायचे, "कशी हाय?" चाची म्हणायच्या, "करपट." "करपट न्हवं गं, भाजणीचा गोडवा म्हणत्यात त्याला." "मग तुमीच घ्या वास." गिऱ्हाईक मधल्या मधे कॉफी घेऊन जायचं. बापूंना चाचींनी पहिल्याच दिवशी चिकमगळूर देऊन टाकली. त्यांचं म्हणणं, माणूस पैसे देतोय, बुडू दे की.

एका सकाळी चाचांचा फोन आला. या वेळी मला. "पोरी, वास आला." मला इतका आनंद झाला की मी उठून उभीच राहिले. "कशाचा, चाचा?" पलीकडे चाचा खाकरले. मग पडलेल्या आवाजात म्हणाले, "चहाचा." मागं चाची हसत होत्या, त्यांना श्वास पुरत नव्हता.

चहाचा आला, मग उदबत्तीचा, मग माझ्या वडिलांच्या शिलाई मशीनच्या तेलाचा. कॉफीचा काही आला नाही. पुढचा उन्हाळा संपता संपता चाचा गेले, झोपेतच.

त्याआधी थंडीत ते सांगलीला आमच्याकडे आले होते, चाचींना घेऊन. तीच शेवटची भेट. डबा त्यांनी स्वतः सासूबाईंच्या हातात दिला. सासूबाईंनी कॉफी केली, सगळ्यांना कप दिले. चाचांनी कप हातात धरला, पण तोंडाला लावला नाही.

"वहिनी," ते म्हणाले, "आज फोन न्हाई. समोर बसलोय. सांगा, कशी झालीय."

सासूबाईंनी घोट घेतला. चाचांच्या आजारपणापासून त्या फोनवर "छान" म्हणून मोकळ्या व्हायच्या. त्या दिवशी त्यांनी कप दोन्ही हातांत धरला आणि सावकाश सांगायला लागल्या. आधी गूळ लागतो, पण ताजा नाही, जुन्या ढेपेचा. मग संत्र्याची साल नखानं सोलल्यावर येतो तसा काहीतरी वास, असून नसल्यासारखा. गिळल्यावर घशात थोडा कडूपणा राहतो, तो हवासा वाटतो. त्यांचे शब्द संपले तेव्हा चाचींनी एक घोट घेतला आणि म्हणाल्या, "साल संत्र्याची न्हवं, मोसंबीची." दोघींचं थोडं हो-नाही झालं. शेवटी संत्र्यावर ठरलं.

चाचा डोळे मिटून ऐकत होते. कपातली वाफ विरत गेली तरी त्यांनी कप हलवला नाही.

"अजून काय?" त्यांनी विचारलं.

सासूबाईंनी आणखी एक घोट घेतला, थांबल्या. "अजून पाऊस न झालेल्या मातीसारखं काहीतरी," त्या म्हणाल्या. "शेवटी शेवटी."

चाचांनी डोळे उघडले. "बास," ते म्हणाले. "पोचली." आणि गार झालेली कॉफी एका दमात पिऊन, कप खाली ठेवून, ते गाडीची वेळ विचारायला उठले.