झूल काढ, बैल दाखव

"आधी ते दिवे बंद कर."

द्वारकामावशींचं माझ्या दुकानातलं हे पहिलं वाक्य. नमस्कार नाही, चमत्कार नाही. सोमाटणे फाट्याला जुन्या हायवेलगत माझं कॉम्प्युटरच्या सुट्या भागांचं दुकान आहे. दारातच मी कॉम्प्युटरचा एक काचेचा कॅबिनेट मांडून ठेवला होता, आतले पंखे सात रंगांत फिरणारे. कॉलेजची पोरं ते बघूनच आत शिरायची, म्हणून शटर उघडल्यापासून तो चालूच असायचा. आणि समोर ही साठीची बाई उभी, पदर खोचलेला, पायात रबरी चप्पल, काखेत कापडी पिशवी.

मी म्हटलं, "मावशी, झेरॉक्सचं दुकान शेजारी आहे."

"झेरॉक्स कुनाला पायजे? गेम खेळायचा कॉम्प्युटर पायजे."

"नातवाला का?"

"नातू न्हाई मला. मलाच पायजे. मीच खेळनार हाय. दिवे बंद कर म्हनलं न्हवं?"

मी बंद केले. काय करणार? मावशींनी कॅबिनेटभोवती एक चक्कर मारली, काचेला नाक लावून आत पाहिलं आणि सरळ होत म्हणाल्या, "ही समदी झूल झाली. झूल काढ, बैल दाखव."

तुम्ही हसाल. हसा. मीही हसलो होतो, आणि त्या हसण्याची मला आजही लाज वाटते.

मावशी बेगडेवाडीकडच्या शेतकरी घरातल्या. त्यांचे वडील शर्यतीच्या बैलांची पारख करण्यात नावाजलेले. आसपासच्या गावचे लोक बैलबाजाराला जाताना त्यांना सोबत न्यायचे, आणि त्यांच्या धोतराला धरून ही पोरगीही जायची. खूर कसे बघायचे, दात कसे मोजायचे, खांदा कसा चाचपायचा हे ती तिथं शिकली. "झूल बघून घेतो त्यो बैल न्हाई घेत, कापड घेतो," हे त्यांच्या वडिलांचं वाक्य मी त्यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलं की आता गिऱ्हाइकांना मीच ऐकवतो.

पण पारख येऊन उपयोग काय? बैलांना चारा घालायचा मावशींनी, अंग चोळायचं मावशींनी, आणि शर्यतीच्या दिवशी, आमच्याकडे शर्यतीच्या धावपट्टीला घाट म्हणतात, त्या घाटावर जायचं भावानं. "बाईमानसाला घाटात येऊ देत न्हवते. निशान पडायचं तवा मी भाकरी थापत असायची. गुलाल त्याच्या डोक्यावर, आन् शेन काढायला मी," असं त्या सांगायच्या. सांगताना राग यायचा. लपवायच्या नाहीत.

त्याच भावाचा मुलगा आता इंजिनिअर आहे. त्याच्या घरी मावशी पाहुण्या म्हणून गेल्या, तिथं त्यानं टेबलाला स्टिअरिंग लावून गाडीचा गेम मांडला होता. डोंगरातला रस्ता, वळणावळणाचा. मावशी बघत बसल्या आणि म्हणाल्या, मला दे की. त्यानं दिलं. "पयल्या वळनावर गाडी दरीत गेली. दुसऱ्या वळनावर गेली न्हाई! तवर ह्यो म्हनतो, आत्या, सोड, तुला न्हाई जमायचं. आरं, आत्ताच तर जमाय लागलं हुतं!" दुसऱ्याच दिवशी त्या माझ्या दुकानात आल्या. दूध घालून घालून स्वतःच्या नावावर साठवलेले पैसे होते, त्यात बसेल तेवढंच करायचं होतं. "एक डाव तरी मला शेवटापातुर गाडी हाकायचीय," त्या म्हणाल्या. "मधी कुनी सोड म्हनाय नगं."

मग सुरू झाली आमची निवडानिवड. आठवड्यातून एकदा शेअर रिक्षानं यायच्या, स्टूल ओढून बसायच्या आणि एकेका भागाची उलटतपासणी घ्यायच्या. मी सगळ्यांना सांगतो तेच त्यांना सांगितलं: गेमिंगला खरा जोर लागतो तो ग्राफिक्स कार्डाचा, पडद्यावरचं चित्र तेच ओढतं, म्हणून निम्मे पैसे तिथं घालायचे, बाकीचं कसंही भागवायचं. मावशींनी एसएमपीएसचा डबा उचलला. "ह्यो काय करतो?"

"घरातली वीज घेऊन बाकीच्या भागांना वाटून देतो."

"म्हंजे वैरन टाकनारा. आन् ह्यातच तू कसंबी भागवनार? वैरनीत काटकसर करून शर्यत मारलेली कुनी बघितलीय का रं?"

खरं सांगतो, स्वस्तात मशीन बसवायचं म्हटलं की सगळे दुकानदार पहिली कात्री तिथंच लावतात. तो डबा आत असतो, कुणी बघत नाही. मीही त्याच पंथातला. पुढं त्यांनी विचारलं, "विहिरीवरची मोटर चालू झाली का आमच्या घरातला बल्ब मंद व्हतो. तवा ह्याचं काय व्हईल?" इतकी वर्षं धंदा केला, हा प्रश्न मला एकाही पोरानं विचारला नव्हता. मी मीटर घेऊन त्यांच्या घरी गेलो. मोटर लागली आणि काटा असा खाली आला की मी मान डोलावली. त्या दिवशी काचेचा कॅबिनेट यादीतून गेला, प्रोसेसर एक पायरी खाली आला, आणि चांगली एसएमपीएस अन् स्टॅबिलायझर वर चढले. नवं ग्राफिक्स कार्ड मात्र काही केल्या बसेना.

"जुनं चालेल का?" मी विचारलं. माझ्याकडे एक होतं, पिंपरीच्या एका माणसाकडून घेतलेलं, पुसून लखलखीत केलेलं.

"जुना बैल चालतो की. पन जुंपून बघनार."

"मावशी, मी चालवून बघितलंय."

"तू बघितलंस. मी कुटं बघितलंय?"

जोडलं. जड गेम लावला. पाच मिनिटांनी मी म्हटलं, झालं ना समाधान? त्यांनी पिशवीतून पावटे काढले आणि सोलायला बसल्या. "पाच मिंटं समदेच पळत्यात," म्हणाल्या. दुकानात गिऱ्हाइकं येत होती, जात होती, बाई पावटे सोलतेय आणि पडद्यावर गाडी धावतेय. पाऊण तास झाला असेल. पडदा एकदम काळा झाला. पुन्हा चालू केलं, पुन्हा दहा मिनिटांत काळा. कार्ड आतून थकलेलं होतं, आणि मी ते या बाईच्या गळ्यात मारत होतो. मुद्दाम नव्हे हो, पण पाऊण तास थांबून बघायची तसदी मी घेतली नव्हती, एवढं नक्की. मावशींनी टरफलं गोळा केली आणि म्हणाल्या, "दुसरं आन. मी पुढल्या आटवड्यात येते." रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. तेव्हापासून माझ्या दुकानातलं एकही जुनं कार्ड तासभर चालवल्याशिवाय बाहेर जात नाही, आणि गिऱ्हाईक घाईत असेल तर मी त्याला दुसरं दुकान दाखवतो.

यानंतर आला त्यांचा मुलगा. लोणावळ्यात भुशीकडं पर्यटकांना भाड्यानं द्यायचे बंगले तो सांभाळतो. स्वभावानं वाईट नाही, मऊ बोलतो. म्हणाला, "दादा, आईला ते गेमचं काही देऊ नका. लोक हसतात. या वयात पोथी वाचायची सोडून गाड्या पळवणार म्हणे! त्यापेक्षा त्याच पैशात मला बुकिंगसाठी एक साधा कॉम्प्युटर बसवून द्या. घराच्या उपयोगाला तरी येईल. आईला मी समजावतो."

आणि मी काय केलं? मान डोलावली. यादी नवी करून त्याच्या हाती दिली. धंदा धंदा असतो, मायलेकांच्या भांडणात आपण कशाला पडा, असं मनाशी म्हटलं. सोप्पं होतं.

पुढच्या आठवड्यात मावशी आल्या त्या तो कागद घेऊनच. मुलानं त्यांना काय सांगितलं होतं देव जाणे. काउंटरवर कागद पसरला आणि एकेका ओळीवर बोट ठेवत गेल्या. तीन महिन्यांत त्यांना सगळी नावं पाठ झाली होती. शेवटच्या ओळीवर बोट थांबलं.

"ह्यात कार्ड कुटंय?"

"बुकिंगला कार्ड लागत नाही, मावशी."

"बुकिंग कुनाचं?"

मी काउंटरवरचे स्क्रू डबीत भरायला लागलो.

"आन् ही वैरन बी पुन्यांदा हलकी केलीस." त्यांचा आवाज चढला. दुकानात चारपाच पोरं होती, ती वळून बघायला लागली. "माझं पैसं, माझा खेळ, आन् तू पोराला इचारून यादी बदलतोस? उद्या मी दवाखान्यात पडले तर डाक्टरबी त्यालाच इचारंल का, म्हातारीला श्वास देऊ का नगं म्हनून? आयुष्यभर घराच्या उपयोगाला आले की रं मी! धारा काढल्या, भाकऱ्या थापल्या, पोराला शिकीवला. आता एक गोष्ट बिनउपयोगाची करनार हाय. बिन-उप-योगाची! लिही तुझ्या कागदावर!"

कोपऱ्यातल्या एका पोरानं टाळी वाजवली. मावशींनी त्याच्याकडं असं बघितलं की त्याचे हात हवेतच राहिले. मी कागद फाडला. "मावशी, चुकलो," म्हटलं. माझ्या तोंडून हे वाक्य सहसा निघत नाही, बायकोला विचारा. त्या म्हणाल्या, "चुकलास तर चुकलास. आता हात चालव."

हात मात्र त्यांनी स्वतःचेच चालवले. कार्ड दुसरं, तासभर धावलेलं, त्यांनी पारखून घेतलेलं. कॅबिनेट पत्र्याचा, साधा, पुढून जाळीचा. जोडणी करताना मला म्हणाल्या, "तू नुसतं बोट दाव." प्रोसेसरच्या कोपऱ्यावरचा बारीकसा त्रिकोण त्यांनी भिंग लावून बोर्डावरच्या खुणेशी जुळवला, स्क्रू एकेक करून आवळले. रॅम बसताना कट्ट आवाज झाला तशा दचकल्या, मग हसल्या. इतक्या दिवसांत त्यांना मनापासून हसताना मी तेव्हाच पाहिलं.

स्टिअरिंग जुनंच मिळालं, पण भक्कम. मुलगा महिनाभर त्यांच्याशी धड बोलला नाही. गावात नावं ठेवणारे होतेच. मावशी दुपारची कामं उरकली की बसायच्या आणि मला फोन करायच्या: "आज चारदा दरीत गेले!" दुसऱ्या दिवशी, "आज दोनदाच!" मी गिऱ्हाइकाला थांबवून तो फोन घ्यायचो. एका दुपारी फोन आला, पण पलीकडून नुसता श्वास. मी घाबरलो. "मावशी? काय झालं?" मग आवाज आला, अगदी बारीक, "पोचले." एवढंच. मग म्हणाल्या, "शेवटापातुर पोचले, भाऊ. कुनी सोड म्हनलं न्हाई." दुकानात सगळ्यांसमोर मी डोळे पुसले, आणि धूळ गेली वगैरे काही सांगत बसलो नाही.

दोन वर्षं खेळल्या. गेल्या थंडीत छातीत दुखायचं निमित्त झालं आणि आठवड्याभरात गेल्या. मी मातीला गेलो होतो. लोक म्हणत होते, बाई तऱ्हेवाईक होती. मी तिथंच म्हटलं, तऱ्हेवाईक तुम्ही, ती शहाणी होती.

मध्ये दोन महिने गेले. एका सकाळी त्यांचा मुलगा तो पत्र्याचा कॅबिनेट उचलून दुकानात आला, मागून त्याची बायको. मला एकदम तिडीक उठली. आईला जाऊन जेमतेम दोन महिने झाले आणि हा मशीन विकायला निघाला! तो काही बोलायच्या आत मी म्हटलं, "जुना माल मी घेतो. पण हा मुळीच घेणार नाही."

"विकायचा नाही, दादा," तो ओशाळून म्हणाला. "खेळताना मध्येच बंद पडतोय."

खेळताना? मी त्याच्याकडं बघितलं, त्यानं नजर खाली घातली. मी झाकण उघडलं. मागचा पंखा धुळीनं गच्च अडकला होता, बाकी सगळं ठणठणीत. पंखा बदलायला हवा होता. इतकं सगळं होऊनही माझी खोड जाते थोडीच? मी आपला त्यालाच विचारता झालो, "साधा पंखा टाकू की चांगला?"

त्यानं तोंड उघडलं. त्याच्या आधी त्याची बायको पुढं झाली, तिनं दोन्ही हात काउंटरवर टेकवले.

"भाऊ, मला विचारा," ती म्हणाली. "मशीन आता माझं आहे, मीच खेळते."

मी तिला विचारलं.